पोर्सेलिनवर दोन वर्षं झाली तरी कप वाकडेच, परत स्टोनवेअर धरू का?

कच्चा_काठ:
नमस्कार मंडळी. मी कोणाकडे शिकलेली नाही, व्हिडिओ बघत आणि माती नासवत जे जमलं ते. तीन वर्षं स्टोनवेअर (ती भरड, दणकट माती) केलं, हात जरा बसतोय म्हणेपर्यंत पोर्सेलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, नादी लागले आणि आता त्यातून सुटका नाही. कप चाकावर गोल, बिस्कनंतरही (पहिल्या, कमी आचेच्या भाजणीनंतर) गोल, पण १२८० अंशांच्या भट्टीतून काढला की अंडं! शिवाय दर वेळी दोनतीन कपांच्या बुडाला तो एससारखा तडा असतोच. कालच्या अकरापैकी चार धड निघाले. त्यातला एक उजेडासमोर धरला तर पलीकडची माझी बोटं दिसली, मग काय, रात्री दोनदा उठून बघून आले, म्हणजे सोडवतही नाही.
तर चुकतंय कुठे? आणि दुसरं जरा लाजत विचारते, न शिकलेल्याचं काम ‘आपलं’ कधी होतं? माझा प्रत्येक कप कुठल्यातरी व्हिडिओतला वाटतो.

मातकट:
चाकावरून कसा उचलतेस? दोन्ही हातांनी उचलला की तो दबणारच, मग आपण बोटाने हळूच गोल करतो आणि वाटतं झालं. पोर्सेलिन असलं काही विसरत नाही. वरच्या तापमानाला मातीतलं फेल्डस्पार हे खनिज वितळून माती मऊ पडते आणि मग तो जुना दाब वर येतो. बॅटसकट (चाकावर बसवायची सुटी पाटी) उचल, कडक होईपर्यंत हात लावू नकोस. हँडलही कपाइतकंच ओलं असताना लाव, नाहीतर ते नंतर वाळताना कपाला ओढतं.
माझी तर किटलीची तोटी दर वेळी तिरकी व्हायची. आधी वाटलं भट्टीतलं शेल्फच वाकडं आहे, ते बदललंसुद्धा :D नंतर कळलं की चाकावर ओढताना मातीला पीळ बसतो तो भट्टीत थोडा उलगडतो. आता तोटीचं तोंड मुद्दाम उलट बाजूला तिरकं कापतो. किती, ते विचारू नकोस, प्रत्येकाच्या हाताचा पीळ वेगळा.

उभाछेद:
तड्याबद्दल माझं ऐका. पुढच्या वेळी एक चांगला, हो चांगलाच, कच्चा कप तारेने उभा कापा आणि बूड मोजा. स्टोनवेअरची सवय असली की बूड जाड राहतं, भिंत मात्र पातळ ओढली जाते. पोर्सेलिन सगळं मिळून १२ ते १५ टक्के आकसतं, कधी जास्तच, त्यात काठ आधी वाळला आणि बूड ओलं राहिलं की मधोमध फाटणारच. भिंत ओढायच्या आधी बूड बोटाने नीट दाबून घ्या, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपा, काठ जरा कडक झाला की कप उलटा ठेवून झाकून वाळवा. मला कप कापायला वर्ष लागलं, जीवच होत नव्हता.
आणि वाळलेला चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती सिलिकाची धूळ छातीत जाऊन बसते.

रिकामी_परात:
दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलेना म्हणून मी. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार पालिसी म्हणून एक होता, मूळचा काचेवर चित्रं काढणारा. एक पांढरा चकचकीत कप बघितला आणि त्या पांढऱ्या ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या, मागे लागला, कितीतरी वर्षं. सरपण संपलं तेव्हा घरातलं फर्निचर आणि फरशीच्या फळ्या भट्टीत घातल्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. (घरचे काय म्हणाले असतील!) आणि आज ओळखतात कशासाठी, तर साप, बेडूक, मासे, शिंपले उठवलेल्या रंगीत थाळ्यांसाठी. पांढरं राहिलं बाजूला. म्हणून म्हणते, नक्कल वाटतेय तर वाटू दे, हात कुठे ऐकत नाही तेवढं बघ.

कच्चा_काठ:
कापले, एक नाही तीन. भिंत ३ मिलिमीटर, बूड ९! उभाछेद, दंडवत घ्या. आणि हो, दोन हातांनीच उचलते मी :(
पण अजून एक दिसलं. तिन्ही कपांत आत, बूड आणि भिंत मिळतात तिथे गोलसर चढ राहिलाय, वाटीसारखा. ज्या व्हिडिओवरून शिकले त्यात तिथे स्वच्छ कोपरा आहे. माझं बोट तिथपर्यंत पोचतच नाही, आधीच वर वळतं. चमचा फिरवून बघितला, कुठे अडकत नाही.

मातकट:
चढ राहू दे. ९ चे ४ कर.

कच्चा_काठ:
बॅट भिजवून माती मळायला घेतलीय. उलटा ठेवला की काठाला कापडाची वीण उमटते, त्याला काय करता?