पाडव्याचं सोनं आणि रोखीची मर्यादा
काही सराफांना वाटतं की एकाच दागिन्याच्या बुकिंगचे १,२०,००० आणि पाडव्याला उरलेले १,२०,००० रोख घेतले तर चालतं, कारण दिवस वेगळे. नाही चालत! १ एप्रिल २०१७ पासून एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. हप्ते पाडले, बिलं दोन केली तरी दागिना एकच, त्यामुळे रोख एकत्र मोजली जाते. दंड घेतलेल्या रकमेएवढा, आणि तो सराफाला, गिऱ्हाइकाला नव्हे. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच रोख किती ते लिहा. बाकी चेक, कार्ड किंवा यूपीआयनं घ्या. बिल दोन लाखांवर गेलं की पॅन लागतोच, पैसे कसेही येवोत. गर्दीत गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर दागिना देऊ नका, आपल्या खात्यात जमा दिसू द्या.