मदत हवी आहे: पार्सरने न छापलेली ऊर्जा भरावी का?

क्वांटम एस्प्रेसो आणि व्हॅस्प या, पदार्थांची ऊर्जा क्वांटम यांत्रिकीने काढणाऱ्या दोन संगणक-प्रणालींच्या आउटपुट फायलींमधून ऊर्जा वाचून एकाच डेटाबेसमध्ये साठवणारा पार्सर मी लिहीत आहे. एककांचा प्रश्न किरकोळ आहे. १ रिडबर्ग (क्वांटम एस्प्रेसोचे एकक) म्हणजे सुमारे १३.६०५७ इलेक्ट्रॉनव्होल्ट (व्हॅस्पचे एकक). खरी अडचण अशी, की धातूंसाठी स्मिअरिंग (इलेक्ट्रॉनांनी पातळ्या भरण्याची तीव्र सीमा थोड्या रुंदीत पसरवणे) वापरल्यास क्वांटम एस्प्रेसोची उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ मुक्त ऊर्जा (एन्ट्रॉपीचा वाटा धरून काढलेली) देते, तर व्हॅस्पच्या आउटकार या आउटपुट फायलीत मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपीविना ऊर्जा आणि सिग्मा (स्मिअरिंगची रुंदी) शून्याकडे नेऊन काढलेली ऊर्जा असे तीन आकडे असतात. तिन्हींना मेटाडेटात स्वतंत्र नावे द्यावीत आणि स्मिअरिंगची पद्धत व रुंदीही सोबत नोंदवावी, असे माझे मत आहे. मात्र एखादा आकडा छापलेलाच नसेल, तर पार्सरने तो गणिताने काढून भरावा की जागा रिकामी ठेवावी? भरल्यास तशी खूण कुठे करावी? नोमॅड या, पदार्थांच्या गणनांचा डेटा साठवणाऱ्या सामायिक भांडारासाठी पार्सर लिहिलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.