मिशन हायस्कूलचे स्थापना वर्ष कोणते धरावे?

प्रवराकाठ:
अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका खेड्यात असलेल्या कॅथलिक माध्यमिक शाळेचा मी माजी विद्यार्थी असून, शाळेच्या स्मरणिकेतील इतिहासाचे प्रकरण माझ्याकडे सोपवले आहे. वडीलधारी मंडळी शाळेचा आरंभ मिशनच्या पहिल्या फादरांपासून धरतात, कार्यालयातील फलकावर माध्यमिक मान्यतेचे वर्ष आहे आणि बोर्डिंगमध्ये राहिलेले लोक तिसरेच वर्ष सांगतात. यांपैकी कोणते छापावे?

निवृत्त मुख्याध्यापक:
तिन्ही छापावीत; मात्र कोणते वर्ष कशाचे, हे स्पष्ट लिहावे. या जिल्ह्यात जेझुइटांचे (येशूसंघ या कॅथलिक संघातील फादरांचे) काम 1878 च्या सुमारास, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या अखेरीस सुरू झाले, आणि त्या काळी मिशनची शाळा म्हणजे बहुधा एका मास्तरांनी चालवलेला वर्ग असे. हायस्कूल ही फार पुढची पायरी आहे. राज्यात एस.एस.सी. परीक्षा 1949 पासून सुरू झाली. त्याआधीची मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत. जुन्या अकरावीऐवजी दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली, हेही निकालपत्रके वाचताना ध्यानात असू द्यावे. जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि शिक्षणाधिकाऱ्यांचे शेरेबुक आधी पाहा. प्राथमिक व माध्यमिक विभाग वेगळे झाल्यावर माध्यमिकचे रजिस्टर पुन्हा क्रमांक 1 पासून सुरू झालेले असू शकते, आणि त्या क्रमांकालाच शाळेचा पहिला विद्यार्थी समजण्याची चूक स्मरणिकांत हमखास होते.

दप्तरवेडा:
शाळेबाहेरचे कागद अधिक बोलके असतात. पुणे धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेश) 1886 चा आहे आणि आपला जिल्हा ज्यात येतो तो नाशिक धर्मप्रांत त्यातून 1987 मध्ये वेगळा झाला; म्हणून त्याआधीचा पत्रव्यवहार पुण्याला असण्याचा संभव अधिक. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन जेझुइटांना नजरकैदेत ठेवले व पुढे मायदेशी पाठवले. त्या वर्षांत नोंदींमध्ये खंड दिसला, तर शाळा बंद होती असा निष्कर्ष घाईने काढू नये. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, तेव्हा वाचणारा सोबत असावा.

गावकुसाबाहेरून:
वर्षाचा वाद मला तुलनेने किरकोळ वाटतो. आपल्याकडच्या स्मरणिकांत फादरांची छायाचित्रे ओळीने छापतात, पण वस्तीवर जाऊन मुले गोळा करणाऱ्या मास्तरांची नावेही सापडत नाहीत. जनरल रजिस्टरमधील जात-धर्माचा रकाना नीट वाचा: एकाच घरातील थोरल्यापुढे ‘महार’ किंवा ‘मांग’ आणि धाकट्यापुढे नुसते ‘ख्रिश्चन’ असे आढळले, तर कुटुंबाचा सारा प्रवास त्या दोन ओळींत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवल्यामुळे तो एक शब्द पुढे सवलतींच्या प्रश्नात निर्णायक ठरला. शाळेचा इतिहास लिहायचा आणि हे वगळायचे, हे मला पटत नाही.

प्रवराकाठ:
मास्तरांची नावे जुन्या पगारपत्रकांवरून मिळतील असे वाटते. रजिस्टरमधील त्या पानाचे छायाचित्र छापावे काय?

निवृत्त मुख्याध्यापक:
छापू नये. त्या नोंदींतील माणसे किंवा त्यांची मुले आजही गावात आहेत. नावे झाकून केवळ रकान्यांचा मजकूर उतरवून घ्यावा, आणि तोही विद्यमान मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊनच.