पेगन म्हणजे मूर्तिपूजक? मग देव न मानणारा पेगन कोण?

एक लेख मराठीत करतेय. त्यातली बाई स्वतःला नॉन-थीइस्टिक पेगन म्हणवते, देवबिव काही मानत नाही पण वर्षातले आठ ऋतुसण मनापासून पाळते, आणि मी पहिल्याच शब्दावर अडकलेय. डिक्शनरीत पेगन = मूर्तिपूजक, पाखंडी. हिच्याकडे मूर्तीच नाही! निसर्गपूजक चालेल का?

—

मूर्तिपूजक नकोच. मूळ लॅटिन पागानुस, पागुस म्हणजे खेड्यापाड्याचा भाग, म्हणजे सरळ गावकरी, आणि रोमन सैनिकांच्या बोलीत फौजेत नसलेला साधा माणूस. ४थ्या शतकात ख्रिस्ती लोक तो 'आपल्यातला नाही तो' अशा अर्थी वापरायला लागले. यात मूर्ती कुठेच नाही. पाखंडीचा प्रवास तर बरोब्बर उलटा, अशोकाच्या शिलालेखांत पासंड म्हणजे नुसता पंथ, सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो, पुढे त्याच शब्दाची शिवी झाली. पेगन आधी हिणवायचा शब्द होता, तो २०व्या शतकात लोकांनी स्वतःहून मिरवायला घेतला. तेव्हा पेगनच ठेवा.

—

आणि नॉन-थीइस्टिकला नास्तिक लिहू नका प्लीज. आपल्या दर्शनांत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, सांख्य निरीश्वर असूनही आस्तिकांत बसतं. बोलताना आपण नास्तिक म्हणजे देव न मानणारा असंच म्हणतो हे खरं, पण त्यात थोडी भांडणाची खुमखुमी येते. या लोकांचं तसं नसतं, देव आहे की नाही हा वाद त्यांना घालायचाच नसतो, त्याच्यावाचून काही अडत नाही इतकंच. ईश्वरनिरपेक्ष बघा. निसर्गपूजकही खटकतं, पूजा म्हटलं की समोर कुणीतरी ऐकणारं, प्रसन्न होणारं आलं, आणि ही तर काही मागत नाही. निसर्गनिष्ठ?

—

'ईश्वरनिरपेक्ष निसर्गनिष्ठ पेगन' म्हणजे सरकारी जीआर वाटतोय 😄 पहिल्यांदा 'देव न मानणारी पेगन' लिहा आणि पुढे नुसतं पेगन.

—

हे आवडलं, घेतेय. आता युल, त्या आठांतला हिवाळ्यातला सण. लेखात आहे की त्या दिवशी (मी २१ डिसेंबरच्या आसपास धरतेय) ती मेणबत्ती लावून पहाटेची वाट बघते आणि खिडकीतून सूर्य कुठे उगवतो त्याची खूण करते, विंटर सॉल्स्टिस. उत्तरायण लिहू?

—

उत्तरायण हा सहा महिन्यांचा काळ, तो त्या क्षणी सुरू होतो. सॉल्स्टिसला खगोलवाल्यांचा विष्टंभ आहे आणि शब्द चपखल आहे, लॅटिनमध्येही सूर्य थांबणं हाच अर्थ, कारण उगवतीची जागा क्षितिजावर रोज सरकत असते ती त्या दिवसांत जवळजवळ हलतच नाही, म्हणजे ती बाई खूण करते तेच या शब्दात आहे. फक्त वैद्यकात विष्टंभ म्हणजे पोट साफ न होणं, त्यामुळे 'विष्टंभाची रात्र' असं लिहू नका. 'वर्षातली सगळ्यात मोठी रात्र' लिहा. वसंतसंपात, शरदसंपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दोन दिवस) मात्र बिनधास्त वापरा.

अजून एक, 'आठ प्राचीन सण' लिहिलं असेल तर प्राचीन काढा. सावन (Samhain, आपला श्रावण नव्हे), बेल्टेन हे सण जुने आहेत, पण आठांचं हे चक्र ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात जुळवलं गेलं आणि शरदसंपाताचं माबन हे नाव तर १९७०च्या दशकातलं.

—

लिहिलं होतं, काढते. पण ती बाई न्यूझीलंडची आहे हे आत्ता लक्षात आलं, म्हणजे तिचं युल जूनमध्ये!