मदत हवी आहे: रोजच्या वापरासाठी पुरुषांचे मंद सुगंधद्रव्य

नमस्कार. मी डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत डोळे तपासतो. वय ४८. रोज लावता येईल, पण अंगापासून फार दूर जाणार नाही, असे सुगंधद्रव्य मला हवे आहे. दोनदा फसल्यामुळे जाणकारांना विचारतो आहे. प्रश्न वरवर हौसेचा वाटेल, म्हणून कामाचे स्वरूप आधी सांगतो.

ऑप्थॅल्मोस्कोपने डोळ्याचा पडदा पाहताना माझा चेहरा समोरच्याच्या चेहऱ्यापासून दोन-तीन बोटांवर असतो. दार लोटलेले असते आणि दिवा मालवलेला असतो. ट्रायल फ्रेमच्या काड्या कानांमागे बसवताना आणि एकेक भिंग बदलताना माझी मनगटे त्याच्या नाकासमोरून कितीदा तरी जातात. एवढ्या जवळ घामाचा वास येणे लाजिरवाणे आहे आणि उग्र अत्तराचा येणे त्याहून वाईट, कारण यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवून बसलेल्या माणसाला तोंड फिरवण्याचीही सोय नसते.

पहिली फसगत गेल्या दिवाळीतली. एका मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर फवारून दिलेला वास लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ वाटला, म्हणून बाटली घेतली. अंगावर मात्र दोन तासांत त्याचे बासुंदीसारखे काहीतरी गोड झाले आणि ते संध्याकाळपर्यंत हटले नाही. एक आजी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "डॉक्टर, आधी पंखा लावा, मग अक्षरे वाचते." (मी डॉक्टर नाही, पण ती दुरुस्ती करण्याची ती वेळ नव्हती.) दुसरी फसगत डिओडरंटच्या फवाऱ्याची. तो अंगावरून लवकर जाई, पण शर्टाला असा चिकटून बसे की इस्त्री करताना पुन्हा उठे.

मला काय आवडते, हे मात्र नेमके सांगता येते. माझे वडील उन्हाळ्यात वाळ्याच्या अत्तराचा फाया उजव्या कानाच्या पाळीत ठेवत. ते खोलीत आले म्हणून वास आला, असे कधी झाले नाही. वहीतले गणित तपासायला ते खांद्यावरून वाकले की तेवढ्यापुरता माठाच्या ओल्या बुडासारखा थंड वास येई आणि ते सरळ झाले की जाई. तो थंडावा मला हवा आहे, पण पांढऱ्या शर्टावर तेलाचा डाग नको, आणि माझ्या कानात फाया दिसला तर तरुण गिऱ्हाईक हसेल, अशी धास्तीही आहे.

सकाळी लोकलने येतो, त्यामुळे दुकान उघडेपर्यंत अर्धा दिवस संपल्यासारखा घाम येऊन गेलेला असतो. महागडी बाटली परवडेल, पण ती चूक ठरली तर परवडणार नाही. अत्तर घ्यावे की फवाऱ्याचे परफ्यूम, ते लावावे कुठे आणि विकत घेण्यापूर्वी पारखावे कसे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या फसगतीचे कारण सोपे आहे. लिंबू, संत्रे, बर्गामॉट यांचे सुगंध सर्वांत आधी उडून जातात आणि व्हॅनिला, अंबर, कस्तुरीच्या जातीचे जड सुगंध मागे राहतात. दुकानातली पट्टी आपल्याला पहिल्या पाच मिनिटांचे सुगंधद्रव्य विकते. आपल्या गिऱ्हाइकाला मात्र त्याचे पुढचे पाच तास सोसावे लागतात. म्हणून पट्टीवर भरवसा ठेवू नये. कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा मारावा, दुकानाबाहेर पडावे आणि थेट संध्याकाळी पुन्हा हुंगावे. एका दिवशी एकच बाटली पारखावी, कारण तिसऱ्या-चौथ्या वासानंतर नाक कामातून जाते.

बाटलीवरचे शब्दही पाहावेत. ढोबळमानाने ओ द कोलोनमध्ये सुगंधी अर्क २ ते ४ टक्के, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द पार्फ्यूममध्ये १५ ते २० टक्के असतो. आपल्याला पहिल्या दोहोंतलेच काही चालेल. ४७११ हे जर्मनीतल्या कोलोन शहरातले जुने कोलोन तासाभरात ओसरते. हा त्याचा दोष मानतात, पण आपल्या कामात तो गुण ठरावा. डिओरचे ओ सोवाज हे १९६६ सालचे, लिंबाच्या अंगाचे आणि कोरडे आहे. मात्र त्याच घराण्याचे २०१५ साली आलेले नुसते सोवाज हे वेगळे आणि चांगलेच दूरवर जाणारे प्रकरण आहे. नावाच्या साम्यामुळे चुकीची बाटली घरी येऊ शकते.

आपल्याला वाळा आवडतो, ही तर जमेची बाजू आहे. पाश्चात्त्य परफ्यूमवाले ज्याला व्हेटिव्हर म्हणतात तो आपला वाळाच, आणि तो शब्दही तमिळमधल्या वेट्टिवेरवरून गेलेला आहे. गेर्लँचे व्हेटिव्हर त्यावरच उभे आहे. २००६ साली आलेल्या एर्मेसच्या टेर द'एर्मेसमध्येही संत्र्याच्या सालीखाली वाळ्याचे मूळ जाणवते, पण ते बेताने लावावे लागते.

तरीही मी आपल्या जागी असतो तर अत्तरच घेतले असते. अल्कोहोल उडताना सुगंधाला हवेत पसरवते. तेलातले अत्तर तसे करत नाही, ते अंगाच्या उबेने हळूहळू सुटत राहते. वडिलांचा वास वाकल्याशिवाय आपल्यापर्यंत पोचत नसे, त्याचे कारण बहुधा हेच. कन्नौजला आजही तांब्याच्या डेगेत माल उकळून त्याची वाफ बांबूच्या नळीने पाण्यात बुडवलेल्या भांड्यात नेतात आणि तिथल्या चंदनाच्या तेलात सुगंध उतरवतात. त्या भांड्याला भपका म्हणतात. आपल्याला तर नेमका भपकाच नको आहे, पण त्याला इलाज नाही. चंदनाचे तेल न घेता काढलेल्या निव्वळ अर्काला रूह म्हणतात; रूह खस महाग असते, पण सुईच्या टोकाएवढी पुरते. चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन सर्रास असते, तेव्हा दुकानदाराला तेल कशाचे आहे, हे स्पष्ट विचारावे.

लावण्याबाबत एकच आग्रह: मनगट आणि मान वर्ज्य. बाकीच्यांना तिथेच लावायला सांगतात, पण आपली मनगटे दिवसभर लोकांच्या नाकाशी असतात. बनियनच्या आत, छातीच्या मध्यावर बोटाने टिपावे आणि ते जिरल्यावर शर्ट घालावा. डागाचाही प्रश्न मिटतो.

प्रतिसाद २

मला दमा आहे आणि रुग्णाच्या खुर्चीतल्या बाजूने सांगते. आपल्याला मंद वाटणारा वास बंद खोलीत मला मंद वाटेलच असे नाही. स्वतःचा वास थोड्या वेळाने स्वतःला येईनासा होतो, मग माणूस दुपारी पुन्हा लावतो आणि गोंधळ होतो तो तिथेच. दमा किंवा अर्धशिशी असलेल्यांना सुगंधाने खरोखर त्रास होऊ शकतो. माझा सल्ला असा की तपासणीच्या वेळेत काहीही लावू नये. निदान पुन्हा तरी लावू नये, आणि खोलीचे दार दोन रुग्णांच्या मधे उघडे ठेवावे.

प्रतिसाद ३

आपण घाम आणि सुगंध या दोन गोष्टी एकत्र करता आहात, असे वाटते. घामाच्या वासावर अत्तर टाकले की दोन्ही वास येतात. दुकानात पोचल्यावर काखा धुऊन ओली तुरटी फिरवावी आणि एक शर्ट तिथेच ठेवावा. शिवाय केसांचे तेल, दाढीनंतरचे लोशन, पावडर आणि कपड्यांचा साबण हे चार वास आपण आधीच अंगावर घेऊन येत असाल, तर पाचवा कितीही मंद असला तरी उपयोग नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून मोजले, तर चार नव्हे, पाच वास निघाले. उदबत्तीच्या धुरात वाळत घातलेला रुमाल मी विसरलो होतो. सुवासिक पावडर आणि लोशन बंद केले. तुरटी आणि दुसरा शर्ट दुकानात ठेवला आहे.

मोहम्मद अली रोडवर जाऊन वाळ्याच्या अत्तराची लहान कुपी आणली. दुकानदाराने माझ्या हाताच्या पाठीवर काचेची काडी फिरवली, तेव्हा पहिला वास इतका कडवट आणि मातकट आला की परत फिरणार होतो. वांगणीच्या पुढे गाडी गेल्यावर, म्हणजे डोंबिवलीला उतरायचे विसरून मी पुढे गेलो तेव्हा, तो हवा तसा झाला होता. रविवारी बायकोला तपासणीच्या खुर्चीत बसवले, दिवा मालवला आणि सांगितल्याप्रमाणे छातीवर एक टिपका लावून जवळ जात राहिलो. हातभर अंतरावर तिला काही कळले नाही. एक वीत उरली तेव्हा ती म्हणाली, "मामंजींचा वास आला."

प्रतिसाद २ मधील ताईंचे म्हणणे मला पटले आहे. यापुढे सकाळी एकदाच लावेन, दुपारी पुन्हा लावणार नाही, आणि तपासणीच्या चिठ्ठीवर नाव-वय विचारतो तिथेच दमा किंवा अर्धशिशी आहे का, हेही विचारेन. असल्यास त्या रुग्णाची तपासणी दार आणि खिडकी उघडून पुढच्या खोलीत जेवढी जमेल तेवढी करेन. एक शंका उरली आहे: ही कुपी काचेची असून तिचे बूच प्लॅस्टिकचे आहे. उन्हाळ्यात तेलाने ते बूच सैल होते का, आणि झाल्यास कुपी कशात ठेवावी, हे कुणी सांगू शकेल काय?