ट्रंक उघडते आणि परत लावते. हे काम तडीस कसं न्यायचं?

शिवणवाली_सांगली

नमस्कार. मी सांगलीची, वय ४९. घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. गेल्या आषाढात मिस्टर गेले. रात्रपाळीहून आले, चहा घेतला आणि छातीत दुखतंय म्हणाले, एवढंच. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर २३ वर्षं होते. मुलगी २० वर्षांची, पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते.

आमच्याकडे कामाची वाटणी होती. बाजार, शिवण, पै-पाहुणा माझ्याकडे. बँक, विमा, लाइटबिल, तासगावकडचं आठ गुंठे शेत त्यांच्याकडे. त्यात कधी कुरबूर नव्हती, म्हणून मी कधी डोकावलेही नाही.

सगळे कागद एका लोखंडी ट्रंकेत आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ट्रंक पलंगावर चढवून आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो. परत आलो तर पलंगही बुडून गेलेला. त्यांनी एकेक कागद दोरीवर चिमटे लावून वाळवला आणि तसाच परत भरून ठेवला. जे एकमेकांना चिकटले ते आजही चिकटलेलेच आहेत.

आता माझी अडचण. दर रविवारी दुपारी ट्रंक उघडायची असं ठरवते. तीन रविवार उघडलीही. प्रत्येक लखोट्यावर त्यांनी निळ्या पेनने 'महत्त्वाचे' लिहून ठेवलंय. अक्षर दिसलं की हात तिथेच थांबतो. एक लखोटा घेऊन बसते, तासभर जातो, मग सगळं आत ठेवून कडी लावते. चौथ्या रविवारी लग्नसराईचं काम आलं आणि ट्रंक राहूनच गेली. आता तिच्यावर शिवायच्या कपड्यांचा ढीग आहे.

शिवणात मला असं कधीच होत नाही. गिऱ्हाईक मंगळवारी येणार म्हणजे सोमवारी रात्री हूक लागलेले असतात, मग ताप असो की पाहुणे. या कामाला मंगळवारी कुणी येत नाही. न केलं तर कुणी विचारत नाही.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ट्रंक माझ्याकडे द्या, मी बघतो सगळं." मनाने निर्मळ आहेत, पण मला द्यायची नाही. उद्या मुलीने काही विचारलं तर 'काकांना विचार' असं सांगायचं नाहीये मला. आमच्या घराचं काय कुठे आहे, हे मला स्वतःला माहीत हवं. मुलीला बोलावलं तर ती रडते, मग मीही रडते. बाकी सगळे म्हणतात, होईल हळूहळू. नऊ महिने झाले.

तर विचारायचं असं की, ज्याला तारीख नाही अशा कामाची ओढ टिकवायची कशी? आणि मदत मागायची तर नेमकी काय मागायची, म्हणजे काम आपल्या हातातून सुटणार नाही?

---

निवृत्त_कॅशियर

ताई, मी ३४ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची नऊ मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर. त्या अनुभवावरून सांगतो. ट्रंक तूर्त बंदच राहू द्या. तुमचं पहिलं काम ट्रंकेत नाहीच.

तुमचे यजमान गेले तेव्हा नोकरीत होते. पीएफ कापला जात होता का? असेल तर तीन वेगवेगळ्या गोष्टी तुमच्या आहेत. एक, पीएफची जमा रक्कम. दोन, विधवा पेन्शन, आणि तिच्यासोबत मुलीलाही २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत पेन्शन. तीन, ईडीएलआयचा विमा, जो नोकरीत असताना मृत्यू आला तर मिळतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. या विम्याचा हप्ता फक्त मालक भरतो, पगारातून कापला जात नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. तिन्हींसाठी आता एकच संयुक्त फॉर्म आहे. कारखान्याच्या ऑफिसात जा, यजमानांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागा आणि फॉर्मवर त्यांची सही-शिक्का घ्या. पगाराची एखादी जुनी पावती असेल तर तो नंबर तिच्यावरही सापडेल.

मग बँक. खात्याला नॉमिनी असेल तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र एवढंच लागतं. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पासबुक चिकटलं असलं तरी अडत नाही, खाते नंबर मिळाला की पुरे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे नॉमिनीच्या हाती येतात, वारसांचा हक्क तसाच राहतो. तुमच्या घरात हा प्रश्न येईलसं वाटत नाही, पण माहीत असावं. दहा वर्षं हात न लावलेली जुनी खाती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण बुडत नाहीत. ती शोधायला २०२३पासून 'उद्‌गम' नावाचं पोर्टल आहे. मोबाइल नंबर टाकून नोंदणी करा आणि यजमानांचं नाव शोधा.

शेताची वारसनोंद तलाठ्याकडे, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. तीन महिन्यांत कळवायचं असतं, ते उलटून गेलं तरी नोंद होते. नोटीस निघते, हरकतीचे १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावातला बदल, मंजूर करतात. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती आताच काढून ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या टेबलावर एकट्या आलेल्या कित्येक बायका अर्ध्यातून परत गेल्या. कागद कमी होता म्हणून नाही. आमच्यातल्या कुणीतरी 'उद्या या' म्हटलं की पुढे विचारायला त्यांची जीभ उचलत नसे. याची मला आजही टोचणी आहे. सोबत कुणी असलं, अगदी न शिकलेली शेजारीण असली, तरी 'नेमका कुठला कागद कमी आहे, लिहून द्या' एवढं विचारलं जायचं आणि काम व्हायचं. सोबतीला माणूस न्या. त्याला काही येत नसलं तरी चालेल.

---

साधंसरळ

मी थोडं वेगळं सांगते. दीर चांगले असतील तर द्यावी ट्रंक. माझ्या आईने 'मीच करणार' म्हणत दोन वर्षं काढली आणि त्यात तिची झोप गेली. कागदांवरचा हक्क एक आणि कागदांचा भार एक. हक्क तुमच्याकडे ठेवा, भार वाटून घ्या. निदान शेताचं तरी दिरांना करू द्या, भावकीत ते जास्त वावरतात.

आणि झोप, जेवण बिघडलं असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईला तिथे एक मुलगी भेटली, तिने पाऊण तास ऐकून घेतलं. घरात आम्हाला तेवढं ऐकणं जमलं नव्हतं.

---

बेळगावकर_वीणा

ताई, 'मंगळवारी कुणी येत नाही' हे वाचून थांबले. मग मंगळवारी कुणाला तरी बोलवाच की.

आई गेल्यावर तिची तीन कपाटं आवरायची होती. मला सुरुवातच होईना. माझी मावसबहीण अबूधाबीला असते. ती म्हणाली, दर शुक्रवारी चार वाजता फोन लावते, तू आवर, मी माझं काम करते. आम्ही फोन भिंतीला टेकवून ठेवायचो. ती तिकडे आठवड्याच्या चपात्या लाटायची, मी इकडे एक कप्पा काढायची. बोलणं जवळजवळ नाही. सुरुवातीला मी एक वाक्य सांगायचं, 'आज मधला कप्पा', आणि शेवटी तिला तो कप्पा दाखवायचा. तिने सल्ला द्यायचा नाही, हे आधीच ठरलेलं. आईचं स्वेटर हातात घेऊन मी थांबले तर ती काही म्हणायची नाही, तिच्या लाटण्याचा आवाज चालू असायचा. त्या आवाजाने मी परत कामाला लागायची. अकरा शुक्रवार लागले.

मुलीला कदाचित बोलवू नका या कामाला. तिचं दुःख तुमच्याएवढंच ओलं आहे. जिला त्या अक्षराचं काही वाटत नाही अशी एखादी बाई शोधा.

---

जुनी_पानं

फक्त चिकटलेल्या कागदांपुरतं लिहितो, ग्रंथालयात भिजलेली पुस्तकं हाताळली आहेत. कोरडे चिकटलेले कागद ओढू नका, फाटतील. आधी आहे तसा फोटो काढा. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला, घट्ट पिळलेला पंचा ठेवा, त्यावर जाळी, जाळीवर कागद. पाणी कागदाला लागता कामा नये, फक्त दमट हवा लागू दे. काही तासांत तो मऊ होतो. मग कडेने बटर पेपर सरकवत हळू सोडवा आणि टीपकागदात ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. बॉलपेनचं अक्षर सहसा टिकतं, शाईचं पसरू शकतं, तेव्हा शाईचा कागद सगळ्यात शेवटी घ्या. बुरशी दिसली तर तोंडाला रुमाल बांधून अंगणात बसा.

---

शिवणवाली_सांगली

सगळ्यांचे आभार. सात आठवड्यांनी लिहितेय, आधी काहीतरी हातून व्हावं आणि मगच लिहावं असं वाटत होतं.

वीणाताई, मंगळवार धरला. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. माझ्याकडूनच ब्लाउज शिवतात. त्यांना स्पष्ट सांगितलं, "काकू, दर मंगळवारी दोन ते चार माझ्याकडे येऊन बसाल का? कागदांना हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही, फक्त बसायचं." मागायला फार जड गेलं. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? निवडायची भाजी घेऊन येते."

पहिले दोन मंगळवार ट्रंक उघडलीच नाही. निवृत्तकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी कारखान्यात गेलो. काकू सोबत आल्या. तिथल्या माणसाने साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. मी उठायला लागले होते. काकूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "नंबर तर द्या, तेवढ्याला साहेब कशाला?" नंबर मिळाला. पुढच्या खेपेला सही-शिक्काही झाला. माझी आणि मुलीची दोघींची पेन्शन, पीएफ आणि विमा, सगळा फॉर्म मागच्या सोमवारी दिला. विम्याचं मला खरंच काही माहीत नव्हतं. काका, मी कुठल्या शब्दांत आभार मानू?

तिसऱ्या मंगळवारी ट्रंक काढली. 'महत्त्वाचे' लिहिलेले लखोटे न उघडता एका उशीच्या अभ्र्यात घातले आणि अभ्र्याचं तोंड शिवून टाकलं, कच्चा टाका. ते शेवटी. राहिलेल्यांत पासबुक होतं, विटेसारखं झालेलं. डब्यात, पुरणाच्या जाळीवर सकाळी ठेवलं. दोन वाजता बाहेर काढलं तर पानाची कड बोटाला गार आणि लवचीक लागली, कांजी उतरलेल्या सुती कापडासारखी. बटर पेपर घालत घालत एकेक पान सोडवलं. एका पानाला पाच-सात मिनिटं तरी लागली असतील. काकू समोर मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही. पहिल्या पानावर नॉमिनीची नोंद आहे असं छापलेलं निघालं. मी मोठ्याने वाचलं तेव्हा मात्र त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. बँकेतलं काम त्यानंतर ११ दिवसांत झालं.

उद्‌गमवर मुलीने पुण्यातून शोधलं. हे काम तिला दिलं, ते मोबाइलवरचं आहे, त्यात अक्षर दिसत नाही. तिने नीट केलं आणि फोनवर रडली नाही. काही निघालं नाही, पण नाही हे तरी कळलं.

साधंसरळताई, तुमचं अर्धं ऐकलं. शेताचा अर्ज दीर आणि मी दोघांनी मिळून केला. ट्रंक नाही दिली, पण त्यांना सोबत बोलावलं आणि त्यांना बरं वाटलं. सात-बारावर माझं नाव कुठल्या रकान्यात येईल ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. नोटिशीचे दिवस चालू आहेत. १४४१६ पण लिहून ठेवलाय, मशिनच्या ड्रॉवरमध्ये.

अजून अर्धी ट्रंक बाकी आहे. लाइटबिल आणि गॅस त्यांच्याच नावावर आहेत. एक विम्याची पॉलिसी निघाली आहे, तिचा वरचा कोपरा गेलाय आणि नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसत नाहीत. अशी पॉलिसी कुणी सोडवली असेल तर शाखेत काय म्हणून विचारायचं ते सांगा. उद्या मंगळवार आहे, काकू वालाच्या शेंगा आणते म्हणाल्यात.