वजनकाट्याच्या पावतीवरची आरएसए सही: स्कोपवर गुप्त की (किल्ली) दिसू नये म्हणून काय करावं?

कुपवाड_फर्मवेअर:
सांगली भागातल्या साखर कारखान्यांसाठी ऊसकाट्याचा कंट्रोलर आहे. प्रत्येक पावतीवर २०४८ बिटची आरएसए सही (गुप्त कीने केलेली डिजिटल सही), सीआरटीने (चिनी शेषप्रमेय: एन च्या पी, क्यू या दोन मूळ अवयवांवर वेगवेगळं गणित करून उत्तर जोडायचं). सप्लायमध्ये शंट (छोटा रेझिस्टर) टाकून ऑसिलोस्कोप लावला की वर्ग कुठे आणि गुणाकार कुठे ते वेगळं दिसतं, आणि त्यावरून गुप्त कीचे बिट वाचता येतात. मॉड्युलो वापरून हे झाकतात, ते नेमकं कसं?

कृष्णाकाठ:
दादा, आधी संदेश झाका. यादृच्छिक र घ्या, त्याचा ई-वा घात (ई म्हणजे उघड्या कीचा घातांक) संदेशाला गुणा, सही करा, मग र च्या व्यस्ताने गुणा. छोटं उदाहरण: एन (मॉड्युलस) ३३, ई ३, डी (गुप्त घातांक) ७, संदेश ५, र २. २ चा घन ८, ५×८=४०, ३३ ने भागून बाकी ७. ७ चा सातवा घात, बाकी २८. २ चा व्यस्त १७; २८×१७=४७६, बाकी १४. थेट ५ चा सातवा घात काढला तरी १४च. चिपने घात काढला तो ७ चा, ५ चा नाहीच.

मग घातांक: डीपी (डी ला पी−१ ने भागून उरलेली बाकी) मध्ये के×(पी−१) मिळवा, क्यू साठीही तसंच. फर्माच्या प्रमेयामुळे उत्तर बदलत नाही. के ६४ बिटचा आणि दर सहीला नवा. वेळ साधारण ६ टक्के वाढतो.

माधवनगर_रोड:
एवढ्यावर थांबू नका. वर्ग-गुणाकार एकाच ट्रेसमध्ये (स्कोपच्या एका नोंदीत) ओळखू येत असतील, तर के मिळवलेला घातांकही वाचता येतो आणि तोही डीपी इतकाच कामाचा. म्हणून आधी माँटगोमेरी लॅडर (दर बिटला एक वर्ग, एक गुणाकार होतोच), मग बाकीचं. र, के चिपमधल्या हार्डवेअर रँडम जनरेटरमधूनच घ्या. ठरावीक सीडचा (सुरुवातीच्या आकड्याचा) रँड() वापरलात तर दर वेळी बोर्ड चालू केला की तेच आकडे येतात.

दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो. लाइट गेली, जनरेटरवर बदल झाला, व्होल्टेज पडलं आणि सीआरटीचा एकच अर्धा भाग चुकला, तर त्या चुकीच्या सहीचा ई-वा घात वजा संदेश, याचा एन शी मसावि काढला की मूळ अवयव हातात येतो. चुकीच्या सहीचा हा धोका बोने, डीमिलो, लिप्टन यांनी १९९७ साली दाखवलाय; एकाच चुकीच्या सहीवरची ही युक्ती लेन्स्ट्राची. त्यासाठी एक पावती पुरते. म्हणून छापण्याआधी सही पडताळाच: ई ६५५३७ असेल तर १६ वर्ग, १ गुणाकार. जुळली नाही तर काहीच बाहेर सोडू नका. ब्राउनआउट रीसेटही (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारी सोय) चालू ठेवा.

कुपवाड_फर्मवेअर:
दर सहीला व्यस्त काढणं जड जाईल ना?

कृष्णाकाठ:
दर वेळी काढायचा नाही. र चा ई-वा घात आणि व्यस्त, दोन्हींचा वर्ग करत जा, जोडी जुळलेलीच राहते. ओपनएसएसएल ही क्रिप्टो लायब्ररी ३२ वापरांनी नवा र घेते, तेवढं तुम्हालाही झेपेल.